'ब्रिंगिंग अप बेबी' कसा बघायचा आणि त्याचे रिव्ह्यू कसे वाचायचे

1938 चा 'ब्रिंगिंग अप बेबी' बऱ्याच जणांच्या 'बघायचाय' लिस्टमधे असतो, क्लासिक आहे म्हणून लावतात आणि वीस-पंचवीस मिनिटांत बंद करतात. का केला विचारलं की उत्तर ठरलेलं, अरे किती बोलतात, किती धावतात, जरा श्वास तरी घेऊ द्या माणसाला. गंमत म्हणजे साधारण हीच तक्रार 1938 साली न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षकाने केली होती, आणि पुढे ज्यांनी या पिक्चरला डोक्यावर घेतलं त्यांनीही बोट ठेवलं ते याच गोष्टीवर. नावडायचं कारण आणि आवडायचं कारण एकच! हे एकदा लक्षात आलं की पिक्चर कसा बघायचा आणि त्याच्यावर लिहिलेलं कसं वाचायचं, दोन्ही सोपं होतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी बेसिक माहिती. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स, कंपनी आरकेओ, कॅथरिन हेपबर्न आणि केरी ग्रँट, ब्लॅक अँड व्हाइट, 102 मिनिटं. मूळ गोष्ट हेगर वाइल्डची, 1937 साली कॉलिअर्स मासिकात आलेली, पटकथा तिने आणि डडली निकोल्सने मिळून लिहिली. डेव्हिड हक्सली नावाचा एक संशोधक चार वर्षं खपून म्युझियममधे ब्रॉन्टोसॉरसचा सांगाडा उभा करतोय, एकच हाड बाकी आहे आणि तेही सापडलंय अशी तार येते, दुसऱ्या दिवशी त्याचं लग्न आहे, आणि म्युझियमला दहा लाख डॉलरची देणगी मिळायची शक्यता आहे. अशा सगळं सुरळीत चाललेल्या माणसाच्या आयुष्यात सुझन व्हान्स शिरते, तिच्याकडे ब्राझीलहून भावाने पाठवलेला पाळीव बिबट्या आहे, त्याचं नाव बेबी, आणि पुढच्या दीड दिवसात डेव्हिडचं हाड, कपडे, गाडी, लग्न, अब्रू, एकेक करून सगळं जातं. बास, एवढंच कथानक माहीत असलं तरी पुरे.

बघायच्या आधी

रिव्ह्यू आधी वाचू नका. ग्रेट आहे ग्रेट आहे असं वाचून बसलात तर प्रत्येक सीनला 'यात काय ग्रेट' हेच शोधत बसाल आणि कॉमेडी अशी परीक्षा घेत बघितली तर हसू येतच नाही.

त्यापेक्षा वेळ असेल तर आदल्या दिवशी 'द ऑफुल ट्रुथ' बघा, 1937 चा, त्यातही केरी ग्रँटच आहे. दोन फायदे आहेत. एक म्हणजे या जातीच्या पिक्चरचा वेग कानाला सवयीचा होतो, कारण तो बराच संथ आणि समंजस आहे. दुसरं म्हणजे 'बेबी'मधे जेलच्या सीनमधे सुझन डेव्हिडला 'जेरी द निपर' म्हणते तो जोक कळतो, तो आधीच्या पिक्चरमधून उचललाय. आणि कुत्रासुद्धा तोच! स्किपी नावाचा टेरियर, 'द थिन मॅन'मधे याने आस्टा केला, 'द ऑफुल ट्रुथ'मधे मिस्टर स्मिथ, आणि इथे हाड पुरून ठेवणारा जॉर्ज.

प्रिंट चांगली घ्या. 2021 साली क्रायटेरियनने, म्हणजे जुने पिक्चर साफसूफ करून डिस्कवर काढणाऱ्या कंपनीने, 4के रिस्टोरेशन काढलंय, ते मिळालं तर उत्तम. या पिक्चरचा बराच भाग रात्रीच्या जंगलात घडतो, कुठूनतरी उचललेल्या अंधुक कॉपीत नुसते दोन काळे आकार हलताना दिसतात आणि मग कंटाळा येणारच. आवाजाचंही तेच. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, एक गाणं आहे, 'आय कान्ट गिव्ह यू एनीथिंग बट लव्ह, बेबी', 1928 चं, बिबट्याला शांत करायला ते म्हणत फिरतात, बाकी सगळी लय बोलण्याची आहे, त्यामुळे मोबाइलच्या स्पीकरवर नको.

आणि शक्य असेल तर चार माणसं जमवून बघा.

बघताना

पहिल्या वेळी पॉज करू नका, मागे नेऊन वाक्य परत ऐकू नका. दोघं एकमेकांच्या वाक्यावर वाक्य टाकत बोलतात, हॉक्सने ते मुद्दाम तसं ठेवलंय, प्रत्येक शब्द कळलाच पाहिजे असा त्याचा हट्टच नाही. सबटायटल लावा पण त्यांच्या मागे धावू नका. डोळे माणसांच्या हातापायांवर ठेवा, कारण बोलणं एक सांगत असतं आणि शरीर भलतंच करत असतं, विनोद त्या दोनच्या मधे आहे.

पहिला सीन मात्र नीट बघून ठेवा. डेव्हिड परांचीवर हाड हातात धरून रोदँच्या थिंकर पुतळ्यासारखा बसलाय. त्याची होणारी बायको ॲलिस त्याला ठणकावून सांगते की लग्न झालं तरी घरगुती गुंता काही नको, आणि डायनोसॉरकडे हात करून म्हणते की हेच आपलं मूल. हे दोन मिनिटांत उरकतं आणि बरेच जण पॉपकॉर्न घेण्यात घालवतात. पण पुढचा सगळा गोंधळ याच वाक्याला उत्तर म्हणून येतो, हा माणूस जिवंतपणी हाडांत जाऊन बसलाय आणि त्याला बाहेर काढायचंय. म्हणून पिक्चरच्या शेवटच्या सीनला पोचाल तेव्हा हा पहिला आठवा, दोन्ही त्याच जागी आहेत.

आता एक सीन अगदी जवळून बघूया, कारण स्लॅपस्टिक म्हणजे नुसती पडापडी नव्हे हे इथे जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचित दिसतं. रेस्टॉरंटचा सीन. सुझन बारवर बसून ऑलिव्ह उडवून तोंडात झेलायची ट्रिक शिकतेय, एक ऑलिव्ह खाली पडतं, तेवढ्यात टेलकोट आणि उंच हॅट घालून डेव्हिड येतो, त्यावरून घसरतो आणि स्वतःच्याच हॅटवर बसतो. इथपर्यंत साधं केळीच्या सालाचं गणित आहे. मग ती चुकून दुसऱ्याच बाईची पर्स उचलते आणि त्याच्या हातात देते, त्याच्यावर चोरीचा आळ येतो. त्या गडबडीत त्याचा कोट मागून धरते तो टर्रकन फाटतो. मग तो वैतागून म्हणतो की आपण एक खेळ खेळू, मी डोळ्यांवर हात धरतो, तू निघून जा. ती रागाने निघते, आणि त्याचा पाय तिच्या ड्रेसवर आहे. मागचं अख्खं कापड फाटून खाली.

इथून पुढचं बघा. तिला पत्ता नाही. तो मागे धावतो, हॅटने झाकायला बघतो, ती त्याला झापते की हे काय चाललंय तुमचं, सगळं रेस्टॉरंट बघतंय. तो सांगायचा प्रयत्न करतो आणि ती बोलू देत नाही, मगाचपासून तोही तिला बोलू देत नव्हताच. मग तिचा हात मागे जातो, कळतं, चेहरा बदलतो, आणि एका क्षणात ती त्याला म्हणते माझ्या मागे या, जवळ या, आणि दोघं एकामागे एक चिकटून, एकाच लयीत पावलं टाकत दरवाजाबाहेर जातात. ज्या दोन माणसांचं एक मिनिट पटत नव्हतं ती आता एका तालात चालतायत! प्रेमात पडल्याचं एक वाक्य नाही, चुंबन नाही, एक फाटलेला कोट आणि एक फाटलेला ड्रेस, आणि जोडी जमली. त्या काळात हॉलिवूडवर सेन्सॉरची आचारसंहिता होती, 1934 पासून कडक झालेली, पडद्यावर काय दाखवायचं नाही याची मोठी यादी, त्यामुळे आकर्षण दाखवायचं ते असं धक्के, फाटाफाट आणि धडपड यातूनच. हे डोक्यात ठेवून बघितलं की प्रत्येक पडण्याला अर्थ यायला लागतो.

हॉक्स क्लोजअप फार कमी घेतो, कॅमेरा साधारण माणसाच्या नजरेच्या उंचीवर, दोघंही फ्रेममधे, आणि सीन कापत नाही. म्हणजे टायमिंग एडिटिंगने जुळवलेलं नाही, ते त्या दोघांचं स्वतःचं आहे. केरी ग्रँट तरुणपणी कसरतीच्या खेळांत काम केलेला माणूस, त्याचं घसरणंसुद्धा मोजून असतं. चष्म्याची कल्पना मूकपटांतला चष्मेवाला विनोदी नट हॅरॉल्ड लॉइडवरून घेतलेली, हॉक्सनेच त्याला लॉइड डोळ्यांसमोर ठेव म्हणून सांगितलं होतं.

हेपबर्नचं तसं नव्हतं. तिने अशी कॉमेडी केलीच नव्हती आणि सुरुवातीला ती विनोदी दिसायचा प्रयत्न करत होती, म्हणून विनोद होत नव्हता. हॉक्सने मग वॉल्टर कॅटलेट नावाच्या जुन्या रंगभूमीवरच्या विनोदी नटाला सेटवर तिला दाखवायला सांगितलं. त्याने तिचा सीन ग्रँटबरोबर करून दाखवला, अगदी गंभीरपणे, हे सगळं जीवनमरणाचं आहे असं समजून. तिला पटलं, आणि तिनेच आग्रह धरला की यांना पिक्चरमधे घ्या, तो म्हणजे कॉन्स्टेबल स्लोकम. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा फक्त सुझनच्या चेहऱ्याकडे बघा, ती एकदाही 'मी गंमत करतेय' असा चेहरा करत नाही. आपल्याकडे फार्स बघत वाढलेल्यांना हे लगेच ओळखू येईल, नट स्वतः हसला की फार्स पडला.

बिबट्या खरा आहे. निसा नावाची मादी, तिची ट्रेनर ओल्गा सेलेस्ट कॅमेऱ्याबाहेर चाबूक घेऊन उभी असायची. हेपबर्न बिनधास्त तिच्याबरोबर काम करायची, ग्रँटला मात्र अजिबात जवळ जायचं नव्हतं, म्हणून त्याचे बरेच शॉट फ्रेमचे दोन भाग वेगवेगळे शूट करून जोडलेत. ते 1938 साली इतकं सफाईने केलंय की कुठे जोड आहे हे शोधणं हा स्वतंत्र आनंद आहे, पण तो दुसऱ्या फेरीसाठी ठेवा.

आणि जेलचा भाग लांबलाय. हे मी मनापासून हा पिक्चर आवडत असूनही म्हणतो, तिथे दहा मिनिटं कमी चालली असती. तिथे जीव कंटाळला तर तुमचं काही चुकत नाहीये, फक्त बंद करू नका.

आता रिव्ह्यू

इथे लोक एक सोपी गोष्ट सांगतात, की 1938 च्या समीक्षकांना अक्कल नव्हती, त्यांनी पिक्चर पाडला, मग वीस-तीस वर्षांनी जगाला शहाणपण आलं. ही गोष्ट कुठेही वाचलीत तर थांबा आणि तिचे तीन तुकडे करा: समीक्षक काय म्हणाले, तिकीटबारीवर काय झालं, आणि नंतरच्या पिढीने काय केलं. तिन्ही वेगवेगळं आहे.

समीक्षक. वाईट रिव्ह्यू म्हणून सगळीकडे एकच दाखला देतात, न्यूयॉर्क टाइम्सच्या फ्रँक नुजंटचा, मार्च 1938 चा. त्याचं म्हणणं असं की पाच मिनिटं अंदाज घेण्यात गेली आणि त्यानंतर मी प्रत्येक घासून गुळगुळीत झालेली युक्ती ओळखायचा खेळ खेळत बसलो, तुम्ही आयुष्यात कधी पिक्चर बघितला नसेल तर यातलं सगळं तुम्हाला नवीन वाटेल. हेपबर्नबद्दल तर फारच बोचरं लिहिलं, की दमछाक करणारी भूमिका आहे आणि ती निभावण्यात अभिनयाचाच सगळा वाटा आहे असं नाही. वाचून राग येतो. पण रिव्ह्यू वाचताना नेहमी विचारा की या माणसाने आदल्या चार वर्षांत काय काय बघितलं होतं. 1934 ला 'इट हॅपन्ड वन नाइट' आला, पाच ऑस्कर घेऊन गेला, आणि मग प्रत्येक कंपनीने श्रीमंत वेडी पोरगी आणि गोंधळलेला हिरो हा मसाला काढायला घेतला, 'माय मॅन गॉडफ्री', 'नथिंग सेक्रेड', 'द ऑफुल ट्रुथ'. नुजंटला हे दर आठवड्याला बघायला लागत होतं. त्याचा कंटाळा खरा होता. आणि त्याला सिनेमा कळत नव्हता असंही म्हणता येणार नाही, हाच माणूस पुढे जॉन फोर्डसाठी 'द सर्चर्स'ची पटकथा लिहितो. मला वाटतं त्याने युक्त्या बरोबर मोजल्या, फक्त त्या किती नेमक्या बसवल्यात ते बघायला थांबला नाही.

आणि मुख्य म्हणजे तो एकटा म्हणजे सगळे समीक्षक नव्हेत. व्हरायटी या सिनेधंद्याच्या पत्राने कौतुक केलं होतं, न्यू रिपब्लिक मासिकात ओटिस फर्ग्युसननेही चांगलं लिहिलं. त्यामुळे 'समीक्षकांनी झोडपला' हे वाक्य जिथे दिसेल तिथे विचारा, कोणत्या?

तिकीटबारी. पिक्चरला 11 लाख डॉलरच्या आसपास खर्च झाला, शेड्यूल आणि बजेट दोन्ही बेसुमार वाढलं होतं. काही शहरांत बरा चालला पण न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमधून एका आठवड्यात उतरवला. पहिल्या फेरीत आरकेओला 3 लाख 65 हजार डॉलरचा तोटा झाला. इथे नीट बघा, पिक्चरने खर्चाइतका धंदा जवळपास केला होता, पण त्यातला वाटा वाटप आणि जाहिरातीत जातो, म्हणजे प्रेक्षक आलेच नाहीत असं नाही, खर्चच इतका करून ठेवला की परवडलं नाही. हॉक्सच्या हातून 'गंगा दीन' हा पुढचा पिक्चर काढून घेतला गेला. हेपबर्नने आरकेओचं कॉन्ट्रॅक्ट स्वतः पैसे भरून सोडवलं.

इथेच दुसरी एक ठरीव गोष्ट येते, की या पिक्चरमुळे हेपबर्नला 'बॉक्स ऑफिस पॉयझन', म्हणजे तिकीटबारीला विष, म्हटलं गेलं. तारखा लावून बघा. तसं म्हणणारी जाहिरात थिएटरमालकांच्या संघटनेकडून मे 1938 मधे आली, पिक्चरनंतर थोड्याच महिन्यांत हे खरं, पण त्या यादीत ग्रेटा गार्बो, मार्लिन डीट्रिच, जोन क्रॉफर्ड, फ्रेड अस्टेअर अशी नावं होती, आणि हेपबर्नचे 'सिल्व्हिया स्कार्लेट', 'क्वालिटी स्ट्रीट' हे त्याआधीच पडले होते. एका पिक्चरवर सगळं खापर फोडणं सोयीचं आहे पण बरोबर नाही. तिने पुढे 'द फिलाडेल्फिया स्टोरी' आधी नाटक आणि मग 1940 ला पिक्चर करून सगळ्यांना उत्तर दिलं, तो भाग वेगळा.

नंतरची पिढी. 1950 च्या दशकात टीव्हीवर जुने पिक्चर लागायला लागले आणि घरोघरी लोकांनी हा बघितला. त्याच सुमारास फ्रान्समधे काये द्यु सिनेमा या मासिकात लिहिणारी पोरं हॉक्सला मोठा कलावंत मानायला लागली होती, जाक रिव्हेतचा 1953 चा लेख प्रसिद्ध आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की याच्या साहसपटांत माणूस जिंकतो आणि कॉमेडीत तोच माणूस पार उघडा पडतो, दोन्ही एकाच हाताचं काम आहे. मग 1962 ला न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमसाठी पीटर बोगदानोविचने हॉक्सवर पुस्तिका केली, 1968 ला समीक्षक रॉबिन वुडचं हॉक्सवरचं पुस्तक आलं, त्याने या कॉमेडीजमधे बेजबाबदारपणाची ओढ आणि तिची भीती दोन्ही दाखवली. आणि 1981 ला स्टॅनली कॅव्हेल, तो तर तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, त्याने 'परसूट्स ऑफ हॅपिनेस' या पुस्तकात या पिक्चरला अख्खं प्रकरण दिलं. 1990 मधे अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत गेला, एएफआयच्या (अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूट) शंभर विनोदी पिक्चरच्या यादीत 14 वा.

हे सगळं एका बैठकीत वाचू नका. माझा सल्ला असा की आधी नुजंट, लगेच पाठोपाठ वुड, कारण दोघं अगदी उलट बोलतात आणि दोघांच्याही डोळ्यांसमोर तोच न थांबणारा गोंधळ आहे. कॅव्हेल सगळ्यात शेवटी, आणि तोही पिक्चर दुसऱ्यांदा बघून झाल्यावरच, नाहीतर प्रत्येक हाडात अर्थ दिसायला लागतो आणि हसायचं राहून जातं.

स्वतः हॉक्सचं मतही जमेस धरा. त्याने मुलाखतीत सांगितलंय की या पिक्चरमधे एक मोठी चूक झाली, यातलं प्रत्येक जण वेडं आहे, माळी, पोलीस, मेजर, एकही सरळ माणूस नाही ज्याच्या जागी बसून प्रेक्षक बघेल. मला हे अर्धंच पटतं. सरळ माणूस नाही म्हणूनच हा पिक्चर दमवतो हे खरं, पण एखादा सरळ माणूस ठेवला असता तर डेव्हिडला पळून जायला जागा मिळाली असती, आणि त्याला जागा नाही म्हणून तर तो बदलतो.

तुम्ही लिहिणार असाल तर

कथानक सांगत बसू नका. एक सीन घ्या, कोण काय करतं ते हालचालींसकट लिहा, मग तो सीन तुमच्यावर चालला की नाही ते लिहा. आवडला नाही तर तसं लिहा, पण नेमकं कुठे सुटलात ते सांगा. आजच्या नजरेने खटकणाऱ्या गोष्टीही आहेत, सुझन त्याला थांबवण्यासाठी त्याचे कपडे पळवते, त्याला बायकी गाऊन घालून फिरावं लागतं, हे उलट असतं, त्याने तिचे पळवले असते, तर आपण हसलो असतो का? हा प्रश्न टाळू नका, त्यावर भांडण झालं तरी चालेल, माझ्या ओळखीच्या दोघांचं याच मुद्द्यावर अजून मिटलेलं नाही.

आणि लिहून झालं की 1972 चा 'व्हॉट्स अप, डॉक?' बघा. ज्या बोगदानोविचने ती पुस्तिका केली त्यानेच हा पिक्चर केला, बार्ब्रा स्ट्रायसंड आणि रायन ओनील, हाडांऐवजी दगड, आणि तो तुफान चालला. म्हणजे साधारण तोच गोंधळ, तीच न थांबणारी बडबड, आणि यावेळी लोकांनी रांगा लावल्या. दोन्ही पाठोपाठ बघून काय वेगळं केलंय ते शोधा, मला विचाराल तर सुरुवात कोर्टाच्या सीनपासून करा, तो जज नेमकं ते काम करतो जे हॉक्सच्या पिक्चरमधे कुणीच करत नव्हतं.